चादरीचा कोपरा

नऊ वर्षं मी चादरींवर पोट भरलं. विणल्या नाहीत, विकल्याही नाहीत. विकल्या गेलेल्या चादरींची बिलं केली. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात मी अकाउंट्सला होते. जीएसटी आल्यापासून ६३०२ हा एचएसएन कोड, म्हणजे बिलावर घालायचा मालाचा नंबर, मला घरच्या पिनकोडपेक्षा जास्त पाठ. आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पांढरा युनिफॉर्म, काळे बूट, अंबाड्याला जाळी अशा अवतारात मी एका रिकाम्या लोखंडी पलंगासमोर उभी होते, आणि मला चादर घालता येत नव्हती.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आधी इंजेक्शन शिकवतील असं मला वाटलेलं. आधी असतं ते बेड मेकिंग. गादीवर चादर अशी टाकायची की मधली घडी बरोब्बर मध्यावर येईल. डोक्याकडची बाजू आधी खोचायची. मग कोपऱ्यापासून हातभर अंतरावर लोंबणारी कड उचलायची, तिचा त्रिकोण करून गादीवर ठेवायचा, खालचा भाग आत सारायचा, त्रिकोण खाली आणायचा आणि तोही खोचायचा. पाकिटाची घडी असते ना, तसा कोपरा. वर मॅकिंटॉश, म्हणजे रबरी कापड, त्यावर आडवी ड्रॉ शीट. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे येता कामा नये. मॅडमनी माझ्या चादरीवरून तळहात फिरवला, एका जागी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही सुरकुती दिसतीय ना? ही तीन दिवसांत जखम होते." काढली आणि पुन्हा घालायला लावली. सात वेळा. शेजारच्या पलंगावर अठरा वर्षांची एक पोरगी तिसऱ्याच वेळेला पास झाली.

माझे वडील असते तर हसून लोळले असते.

हे सगळं आत्ता लिहायला कारण म्हणजे माझी एक शाळेतली मैत्रीण. दहावीपर्यंत एका बाकावर बसायचो, अकरावीला वाटा फुटल्या. ती पुढे बीए झाली, लग्न झालं, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. महिन्यापूर्वी रात्री साडेअकराला मेसेज आला, "जागी आहेस का गं? एक विचारायचं होतं." मी नाईटला होते, म्हणजे जागीच. विचारायचं होतं ते हे, की तिलाही नर्सिंग करायचंय. "जीएनएम घेऊ का बीएस्सी? का एएनएम करून मोकळी होऊ? तू तर सगळं बघितलंयस." तिन्ही नर्सिंगचेच कोर्स, कुठला काय ते पुढं येईलच.

मी टाईप करायला घेतलं. मग कुणाची तरी सलाईन संपत आली, उठले. परत बसले, परत लिहिलं. त्या रात्रीचं ते उत्तर अजून पूर्ण झालेलं नाही, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढावं.

वडील यंत्रमागावर होते, चाळीस वर्षं. नक्षी विणणाऱ्या जेकार्डच्या मागावर. त्या खटखटाटानं कान गेलेले, त्यामुळे घरातही माग चालू असल्यासारखं ओरडून बोलायचे. कुठलीही चादर हातात आली की नक्षी नंतर, आधी काठ बघायचे. २०१९ च्या मे महिन्यात, सोलापूरचं ऊन जेव्हा डांबर वितळवतं त्या दिवसांत, त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. एका खासगी दवाखान्यात एकोणीस दिवस काढले आम्ही. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, चार मिनिटं. उरलेले तेवीस तास बावन्न मिनिटं वॉर्ड सिस्टर चालवायच्या, हा हिशेब मी अकाउंटंट असल्यामुळे बसल्या बसल्या केलेला.

त्यात एक सिस्टर होत्या, अक्कलकोटकडच्या, कन्नड वळणाचं मराठी बोलणाऱ्या. दर दोन तासांनी यायच्या, वडिलांना कुशीवर वळवायच्या, पाठीमागं उशी लावायच्या. अकराव्या दिवशी वडिलांच्या माकडहाडावर तांबूस डाग दिसला. मी घाबरले. त्यांनी माझा हात धरला, माझाच अंगठा त्या डागावर दाबला आणि उचलला. म्हणाल्या, "बघा, पांढरं होतंय का? दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. लालच राहिलं तर आत जखम सुरू झाली म्हणायचं."

पांढरं झालं.

मला वाटतं माझं जे काही ठरलं ते त्या दोन सेकंदांत ठरलं, बाकीचं सगळं नंतर कागदावर. जाताना मी त्यांना विचारलं, "सिस्टर, तुम्ही काय शिकलात?" त्या म्हणाल्या, "एएनएम हो. पण इथं कोण विचारतं? सगळ्या सिस्टरच."

हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं. आता तेवढं आवडत नाही, का ते पुढं येईलच.

वडील त्यानंतर चौदा महिने होते. पुढच्या खोलीत खाटेवर. कुशी मी आणि आई वळवायचो. एकही जखम झाली नाही. ते गेल्यावर कारखान्यात एक दिवस रिकाम्या चलनाच्या पाठीमागं मी चार रकाने आखले.

पहिला रकाना एएनएम. दोन वर्षं, बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त बायकांसाठी. पण तो कोर्स मुळात वॉर्डासाठी नाहीच. एएनएम म्हणजे सरकारी भाषेत आरोग्यसेविका. तिचं काम उपकेंद्रात, सपाटीच्या भागात साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र: लसीकरण, गरोदर बायकांच्या तपासण्या, घरोघर फिरणं. दक्षिण सोलापूरच्या एखाद्या गावात स्कूटीवर लसीचा डबा घेऊन जाणारी बाई, ती ही. लोक याला 'छोटं नर्सिंग' म्हणतात ते चूक आहे. ते वेगळं नर्सिंग आहे. ज्याला गाव हवंय त्यानं तेच करावं, मला रात्रीचा वॉर्ड हवा होता.

दुसरा जीएनएम. पूर्वी साडेतीन वर्षांचं होतं, आता तीन. बारावी कुठलीही शाखा, इंग्रजी विषय हवा, चाळीस टक्के. डिप्लोमा मिळतो, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंदणी होते ती आरएनआरएम म्हणून, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि मिडवाईफ. बीएस्सीवाल्यांची पण हीच नोंदणी होते, हे लक्षात ठेवण्यासारखं.

तिसरा बीएस्सी नर्सिंग. चार वर्षं, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवं, तिन्ही मिळून पंचेचाळीस टक्के, राखीव प्रवर्गाला चाळीस. आता त्यासाठी वेगळी सीईटीही असते आणि तिच्यात या तीन विषयांबरोबर इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड असतं.

माझी बारावी कॉमर्स. हा रकाना मी आखला तेव्हाच त्यावर काट मारली होती, पण माझ्या स्वभावात काट मारलेल्या रकान्याखाली पण बेरीज करायची खोड आहे. म्हणून चौथा रकाना काढला: मुक्त शाळेतून पुन्हा बारावी सायन्स, मग चार वर्षं. बत्तीस अधिक एक किंवा दोन, अधिक चार. आणि त्यात एक मेख. नर्सिंग प्रवेशाला वयाची वरची मर्यादा आहे, पस्तीस. पहिल्या प्रयत्नात केमिस्ट्री राहिलं असतं तर दार माझ्या नाकावर बंद.

म्हणजे 'जीएनएम का बीएस्सी' असं जे मैत्रिणीनं विचारलं, तसं माझ्यासमोर काही नव्हतंच. सोळाव्या वर्षी, कॉमर्सचा फॉर्म भरताना, मैत्रिणींबरोबर ऑटोत जागा मिळते म्हणून मी जे कॉलेज घेतलं, त्यानंच ही निवड तेव्हा करून टाकली होती.

याच सुमारास न्यू जर्सीतल्या आतेबहिणीचा फोन झाला. ती म्हणाली, "अगं, इकडं एवढं काय नाही. माझ्या शेजारणीनं आर्ट्सची डिग्री असून सोळा महिन्यांत बीएसएन केलं." मला खरं वाटेना. मग वाचलं. तिकडं ज्यांच्याकडं आधीच कुठली तरी डिग्री आहे त्यांच्यासाठी वेगवान बीएसएन, म्हणजे नर्सिंगची डिग्री, असते, बारा ते अठरा महिन्यांची. ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी असे काही विषय आधी करून घ्यायचे. ज्याला पैसे कमी त्यानं कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची असोसिएट डिग्री करावी. आणि शेवटी लायसन्ससाठी सगळ्यांना एकच परीक्षा, एनक्लेक्स. म्हणजे माझं बीकॉम तिथं 'आधीची डिग्री' म्हणून मोजलं गेलं असतं. इथं ते शून्य. तीन वर्षं कॉस्टिंग, ऑडिट, टॅक्सेशन केलेली बाई आणि काल बारावी झालेलं पोरगं, दोघं एकाच रांगेत. मला आधी याचा राग आला. पुढं मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्याच टेस्टला चौदा मार्क पडले तेव्हा तो राग बराच निवला.

शेवटी जीएनएमच्या रांगेत उभी राहिले, त्याचं फार सांगत नाही. सेतू कार्यालय, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर, आणि बारा वर्षांचा गॅप म्हणून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र, 'या काळात मी अन्य कुठल्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला नाही.' बाळंतपण, वडिलांचं आजारपण, नऊ वर्षांचे मार्च एंड, सगळं एका ओळीत. एका ठिकाणी एका गृहस्थांनी चहा पाजून सांगितलं, "मॅडम, तुमचा संसार आहे, रोज यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो." त्यांचं नाव इथं लिहीत नाही, पण मैत्रिणीला सांगितलंय. आणि हेही सांगितलंय, की कॉलेज बघताना भारतीय नर्सिंग परिषदेची आणि राज्याच्या कौन्सिलची मान्यता आधी बघ, इमारत नंतर. संध्याकाळचे वर्ग, पत्राद्वारे जीएनएम असलं काही नसतं. थिअरीला ऐंशी टक्के हजेरी आणि प्रॅक्टिकलची तर शेवटी शंभर टक्के भरून द्यावी लागते. नोकरी सांभाळून होईल का, असं मैत्रिणीनं विचारलं होतं. नाही होत. मी साडेचौदा हजारांच्या पगारावर पाणी सोडलं.

घरी नवऱ्यानं एकच प्रश्न विचारला, "नाईट असते का?" असते म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवसापासून लेकीच्या वेण्या घालायला शिकले. पहिले दोन महिने ती शाळेत कशी जायची ते विचारू नका. सासूबाई म्हणाल्या, "आता परत दप्तर घेऊन जाणार व्हय?" आणि रुसल्या. आता त्या रोज सकाळी माझ्याकडून बीपी मोजून घेतात आणि आकडा शेजारच्या काकूंच्या आकड्याशी लावून बघतात. जिंकल्यासारखं तोंड कधी करायचं हे मात्र त्यांना नीट कळलेलं नाही. एकशे साठ आलं की खूष असतात.

वर्गात मी सगळ्यात मोठी. पहिल्या दिवशी दोन पोरी मला बघून उभ्या राहिल्या, मॅडम आल्या म्हणून. नंतर ताई झाले, आणि करमाळ्याची एक होती ती शेवटपर्यंत काकूच म्हणत राहिली. पाठांतरात त्या माझ्या पुढं. मेंदूतून निघणाऱ्या क्रेनियल नर्व्हज बारा, त्यांना एका रात्रीत पाठ, मला पंधरा दिवस. पण औषधाच्या डोसाचं गणित आलं की सगळ्या माझ्याभोवती. पाचशे मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, नळीच्या सेटमध्ये एका मिलिलिटरला वीस थेंब, तर मिनिटाला किती? त्या वही काढेपर्यंत मी एकवीस म्हणून मोकळी. चार्ट भरणं, इनटेक-आउटपुट म्हणजे पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं ते, केसबुक, नोंदीची वेळ न चुकवणं, हे सगळं मला आयतं येत होतं. रात्री तीन वाजता लघवीची पिशवी मोजून आकडा लिहिणं आणि मार्च एंडला स्टॉक मोजून आकडा लिहिणं, दोन्हीत मन लागतं ते एकाच कारणानं, की आकडा चुकला तर सकाळी कुणीतरी त्यावर विसंबून चुकीचं काहीतरी करणार असतं.

आणि भाषा. हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. सोलापूरच्या वॉर्डात दुखण्याला निदान चार भाषा लागतात. पूर्व भागातली आजी तेलुगूत 'नोप्पी' म्हणते, अक्कलकोटकडचा म्हातारा कन्नडात 'नोवु'. विजापूर वेशीतली चाची 'दरद' म्हणते. आणि आपल्या मराठीत तर नुसतं दुखतंय म्हणून भागतच नाही: ठणकतंय, चमक मारतीय, कळ येतीय, आग होतीय, मुरडा पडलाय, आणि 'कसंतरीच होतंय'. हे शेवटचं सगळ्यात घाबरवणारं. छातीत कसंतरीच होतंय असं म्हणणाऱ्या बाईचा ईसीजी मी आधी काढते, ठणकतंय म्हणणाऱ्या बाप्याला थोडं थांबवते. पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही. डिप्लोमा असो की डिग्री, कान ज्याचे त्याला तयार करावे लागतात.

एकदा एक विडी कामगार आजी होती, ताप डोक्यात गेलेला, शुद्ध नव्हती. तिची नाडी मोजायला मी मनगट धरलं तर तिचा अंगठा आणि तर्जनी हलत होती. मला वाटलं झटका येतोय. तिची लेक म्हणाली, "नाही हो सिस्टर, आई विड्या वळायलीय." पूर्ण एक मिनिट मी नाडी मोजली आणि त्या एका मिनिटात तिच्या बोटांनी न दिसणाऱ्या पानांच्या किती विड्या वळल्या ते मोजायचं राहून गेलं.

पण मैत्रिणीचा प्रश्न कानांचा नव्हता, कागदाचा होता. आणि कागद महत्त्वाचा असतो हो. 'सगळ्या सिस्टरच' हे वाक्य आता मला तेवढं आवडत नाही ते म्हणून. रुग्णासाठी सगळ्या सिस्टरच. पगारपत्रकात नाही. त्या अक्कलकोटच्या सिस्टरना वॉर्डाचं सगळं काम येत होतं, पण त्यांची नोंदणी वेगळी, म्हणून त्यांना कायम कमी पगार, आणि काही चुकलं असतं तर सगळ्यात आधी त्यांच्याकडंच बोट. ते वाक्य सोयीचं होतं ते दुसऱ्याच कुणाला, त्यांना नाही.

जीएनएम आणि बीएस्सीत फरक पडतो तो असा. दिल्लीच्या एम्ससारख्या ठिकाणी नर्सिंग ऑफिसरची भरती निघते, मूळ पगार ४४,९००. बीएस्सीवाली थेट बसू शकते. जीएनएमवालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षांचा अनुभव लागतो. मी हे वाचून अनुभवाचे महिने मोजायला लागले आणि मग खाली वयाची अट दिसली: तीस. राखीव प्रवर्गाला थोडी सूट. मी पस्तिसाव्यात. म्हणजे दोन कोर्समधला हा एवढा मोठा फरक माझ्यासारख्या उशिरा आलेल्या बाईला लागूच होत नाही! राज्याच्या नोकरीत खुल्या प्रवर्गाला अडतीस, राखीवला त्रेचाळीस. तिथं अधिपरिचारिकेच्या जागेला जीएनएम चालतं. पुढं परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इनचार्ज, त्याच्या पुढं अधिसेविका. हे मराठी शब्द सिव्हिलच्या दारांवरच्या पाट्यांवर वाचायला फार भारदस्त वाटतात. बोलताना मात्र स्टाफ, इनचार्ज आणि मेट्रन. शिकवायला जायचं असेल, एमएस्सी करायची असेल, तर मात्र डिग्रीशिवाय गाडं अडतं. त्यासाठी जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. तीन अधिक दोन, पाच. थेट बीएस्सीपेक्षा एकच वर्ष जास्त. पण मधे थांबून कमावता येतं, आणि कॉमर्सवालीला ते दार उघडं राहतं.

खासगीत पगाराचं विचारशील तर खरं सांगते, माझा पहिला पगार कारखान्यातल्या शेवटच्या पगारापेक्षा कमी होता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं समिती नेमली होती. तिनं शिफारस केली, की अगदी पन्नास खाटांच्या आतल्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांच्या खाली पगार नसावा. शिफारस छान आहे. मी ती छापून कपाटात ठेवलीय.

नर्सला किती मोजतात हा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्या सोलापूरला डॉक्टर कोटणीसांचा केवढा अभिमान. योग्यच आहे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले, वय जेमतेम बत्तीस. लेकीला घेऊन मी स्मारक बघायला गेले होते. तिनं फोटोतल्या बाईकडं बोट दाखवून विचारलं, "ही कोण?" म्हटलं, त्यांची बायको, क्वो छिंगलान. "ती काय करायची?" मी सांगितलं, नर्स होती, नर्सिंग शिकवायची. लेक म्हणाली, "मग तिचं पण गाव असेल ना, तिथं तिचं स्मारक आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो. कोटणीस गेले ते वय आणि माझं दप्तर घ्यायचं वय एकच, हे मला तिथं रस पिताना लक्षात आलं आणि उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

आता चादरीकडं परत येते, कारण तिनंच मला जास्त शिकवलंय.

आपल्या वॉर्डात रुग्ण येतो तो घरची चादर घेऊनच येतो. जाड, लाल-निळी, मोरपंखी, सोलापुरी. भौगोलिक मानांकन वगैरे मिळालेली. नियमानं पलंगावर पांढरी सुती चादर हवी, कारण डाग लगेच दिसतो, उकळत्या पाण्यात धुता येते, सुरकुती काढता येते. सोलापुरी चादर पांघरायला. तिचा विणलेला उठाव अंगाखाली टोचतो, तिचा पाकिटाचा कोपरा होत नाही, खोचली की गादीखाली ढेकूळ होतं. गेल्या हिवाळ्यात एक आजोबा आले, खुब्याचं हाड मोडलेलं, यंत्रमाग कामगारच. घरची चादर अंगाखालून काढू देईनात. वॉर्डबॉय मामांनी सांगून बघितलं, आयाबाई मावशींनी सांगून बघितलं. इनचार्ज ओरडल्या. आजोबा चादरीचं टोक मुठीत धरून. मी जवळ गेले आणि, काय सुचलं कोण जाणे, चादरीचा काठ बोटांत धरून बघितला. म्हटलं, "आजोबा, काठ चांगला बसलाय. तुमच्या मागावरची काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला काठातलं काय कळतंय बे?"

"वडील जेकार्डवर होते."

मग पाच मिनिटं मागाचीच बोलणी झाली, ओरडून, कारण त्यांचेही कान गेलेले. त्या पाच मिनिटांत मी आणि मावशींनी त्यांना कुशीवर वळवलं, चादर खालून काढली, पांढरी घातली, मध्यावर घडी, चारही कोपरे, तळहात फिरवून बघितला. त्यांची चादर वरून पांघरली. माकडहाडावर लाल डाग होता. अंगठ्यानं दाबला. पांढरा झाला. चार्टवर लिहिलं, वेळ टाकली, दोन वाजून दहा.

हे सगळं मैत्रिणीला लिहायचं होतं. मी तिच्यासाठी जे उत्तर मनात तयार केलं होतं ते थोडक्यात असं होतं: तू जीएनएम घे, आर्ट्सची बारावी आहे तुझी, दुसरा रस्ताच नाही, पस्तीसच्या आत घे, मग पोस्ट बेसिक करता येईल. माझ्या मागून ये. मी पुढं आहे, वाटेतले खड्डे सांगते. माझा स्वतःचा पोस्ट बेसिकचा फॉर्म गेले दोन महिने अर्धा भरून फ्रीजवर पडलाय, ते मात्र तिला सांगणार नव्हते.

काल दुपारी, ऑफ होता, शेंगा भाजत बसले होते तेव्हा मी तिला फोन लावला. म्हटलं, "बाकीचं नंतर सांगते, आधी बारावीची मार्कलिस्ट शोधून काढ."

"काय करलालीस तिचं?"

"इंग्रजीचे मार्क बघायचेत. चाळीस टक्के लागतात."

अर्ध्या तासानं फोटो आला. पिवळा पडलेला कागद, लॅमिनेशनला बुडबुडे. मी इंग्रजी शोधायला लागले आणि त्याच्या खालच्या ओळीवर नजर गेली. फिजिक्स ४१. केमिस्ट्री ४४. बायोलॉजी ५८.

मी लगेच फोन केला. "तू सायन्सला होतीस?"

"होय की. बाबांनी घातलं होतं. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बीएला गेले. का गं? चालत नाही का ते?"

मी शेंगांची कढई खाली उतरवली. पेनानं तळहातावर लिहिलं: एकेचाळीस, चव्वेचाळीस, अठ्ठावन्न. एकशे त्रेचाळीस. तीनशेपैकी. सत्तेचाळीस पॉइंट सहासष्ट. तिला पंचेचाळीसच हवेत.

"हॅलो? आहेस का?" ती पलीकडून विचारत होती. मी आहे म्हटलं, एक मिनिट म्हटलं, आणि बेरीज परत एकदा केली.